जोतिबाच्या खुर्चीतली पैज

मेढ्याच्या एस.टी. स्टँडसमोर जोतिबा काशीदचं केशकर्तनालय आहे. आरशाच्या वर एक पाटी लावलेली आहे, ‘येथे राजकारणावर बोलू नये.’ ही पाटी जोतिबानं हौसेनं रंगवून घेतली त्याला वीस वर्षं होऊन गेली. या वीस वर्षांत त्या पाटीखाली राजकारण सोडून लोक दुसरं काही बोलले असतील, तर ते पाऊस कधी येणार एवढंच. जोतिबा स्वतः मात्र पाटी पाळायचा. गिऱ्हाईक कुठल्याही पक्षाचं असलं तरी गाल सगळ्यांचे सारखेच खरखरीत, हे त्याचं मत. आणि ज्याच्या हातात वस्तरा आहे त्यानं आपलं मत सांगू नये, समोरचा उगाच दचकतो, असंही तो म्हणायचा.

दुसरा एक नियम त्याला बापाकडून आला होता. तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नव्हता. मिशी राखणारा माणूस खुर्चीत बसून “मिशी काढ” म्हणाला, की जोतिबा हातातलं काम थांबवायचा आणि हळूच विचारायचा, “कोन गेलं?” कारण राखलेली मिशी उतरते ती आई नाहीतर बाप गेल्यावर. ती दोघं हयात असताना मिशीला वस्तरा लावणं म्हणजे त्यांना घरातून बाहेर काढण्यासारखंच. हल्लीची पोरं गुळगुळीत तोंडानं हिंडतात, त्यांना हे सांगायला गेलं तर हसतील. त्यांना जोतिबा काही विचारत नसे. पण जुन्या मिशीला विचारल्याशिवाय त्यानं कधी हात लावला नाही.

आणि आख्ख्या जावळी तालुक्यात जुन्या मिशीचा मान होता सुभेदार लालासाहेब पार्टे यांचा. सुभेदार मेढ्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवरच्या वाडीत राहायचे. पलटणीतून निवृत्त होऊन त्यांनाही वीस वर्षं होत आली होती, पण चाल अजून परेडचीच. मिशी पांढरीशुभ्र, दाट, दोन्ही टोकं वर वळलेली. दर आठवड्याला ती नीट करून घ्यायला ते जोतिबाकडे यायचे आणि डोळे मिटून खुर्चीत बसायचे. त्या मिशीचा एकूण एक केस जोतिबाच्या ओळखीचा होता. डाव्या बाजूला तिळाएवढी एक जागा होती, तिथं केस येत नसे. वरचे केस ओढून जोतिबा ती जागा अशी झाकायचा की कुणाला पत्ता लागू नये. सुभेदार सांगायचे, एकाहत्तरच्या लढाईत छर्रा चाटून गेला. दुकानातले लोक ती कथा दर दोन महिन्यांनी ऐकायचे, आणि दर वेळी छर्रा थोडा मोठा झालेला असायचा.

त्या साली लोकसभेची निवडणूक लागली. एप्रिलचा महिना, दुपारची वेळ. सुभेदार तोंडाला फेस लावून बसलेले, आणि बाकावर शेजारच्या मोबाइल दुकानाचा वीरधवल पेपर वाचत होता. तिशीतला पोरगा, दाढी कोरलेली, तोंड चालू.

“तात्या, ह्या टायमाला दिल्लीचं सरकार बदलतंय बघा,” तो म्हणाला.

सुभेदार जुन्या पक्षाचे. नुसते मत देणारे नव्हेत, तर घरात देवाशेजारी पुढाऱ्याचा फोटो लावणारे. त्यांनी डोळे उघडले. “सरकार म्हंजी काय कापडं हायती व्हय रं, मळली की बदलायला?”

“मळल्यात की तात्या. लोक लय कट्टाळल्यात.”

“तुझ्या मोबाइलवरचं लोक कट्टाळलं असतील. पन्नास वरसं झाली, सांगलीनं दुसऱ्या कुनाला निवडून दिल्यालं न्हाई. सांगली पडंल तवा दिल्ली पडंल!”

“मग सांगली बी पडतीय.”

आता सांगली पडणार, हे म्हणजे कृष्णा उलटी वाहणार म्हणण्यासारखं होतं. सुभेदार फेसासकट खुर्चीतून अर्धे उठले. जोतिबानं वस्तरा पटकन मागं घेतला म्हणून बरं.

“ऐक, वीरधवल! दिल्लीचं सरकार बदललं, तर ही मिशी काढीन मी. ह्याच जोतिबाच्या हातनं!”

“आन न्हाई बदललं तर मी डोस्क्याचा गोटा करीन, दाढी बी काढीन!” वीरधवलनं बाकावर थाप मारली.

“जोतिबा, तू साक्षीला हायस.”

दुकानात आणखी चार माणसं होती, चारही हसली. कुणीतरी शिट्टी घातली. जोतिबा “व्हय” म्हणाला आणि पुन्हा गालावर वस्तरा टेकवला. खरं सांगायचं तर त्यालाही गंमत वाटली होती.

राजकारणाच्या नादात शहाण्या माणसाचीही मती गुंग होते, ती अशी. दुकानातल्या एकालाही आठवलं नाही, की सुभेदारांची आई, रंगूबाई, वाडीत धडधाकट बसलेली आहे. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना जोतिबाला ती आठवली आणि त्याचा हात तिथंच थांबला. ज्या माणसानं आयुष्यभर प्रत्येक मिशीला “कोन गेलं?” विचारलं, त्यानंच आज हसत हसत साक्ष दिली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मतदानाच्या दिवशी जोतिबा वाडीच्या शाळेपाशी मुद्दाम जाऊन उभा राहिला. त्याचं स्वतःचं मत मेढ्यात होतं, ते त्यानं सकाळीच दिलं होतं. कुठलं बटण दाबलं, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नाही, तर आपल्याला काय सांगणार? पण त्या यंत्रासमोर तो बराच वेळ उभा राहिला होता, एवढं खरं. सरकार बदलावं असं त्याला त्या वर्षी मनातून वाटत होतं. आणि सरकार बदललं तर एका म्हातारीच्या जिवाला आपल्याच हातानं अपशकुन होणार, हेही त्याला दिसत होतं. एका बोटाला एवढं ओझं त्यानं जन्मात कधी दिलं नव्हतं.

शाळेपाशी जीप थांबली आणि सुभेदारांनी आईला पाठुंगळी घेतलं. पंच्याऐंशीच्या घरातली रंगूबाई, चिमणीएवढी उरलेली, मुलाच्या पाठीवरून सगळ्यांना हात करत आत गेली आणि डाव्या हाताच्या बोटाला शाई लावून तशीच बाहेर आली. डोळ्यांना तिला अंधुकच दिसायचं, पण आवाजावरून ती माणूस बरोबर ओळखायची.

“जोतिबा न्हवं ह्यो? तुझी पोर पूजा बरी हाय का सांगलीला?”

“बरी हाय, आज्जी.”

“मी बी बरी हाय. अजून धा मतं देतीया बघ.”

जोतिबानं नुसती मान हलवली. ती तिला दिसायची नाही, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

निकालाला महिना होता. त्या महिन्यात जोतिबानं दोनदा सुभेदारांपुढं विषय काढला. पहिल्या वेळी ते म्हणाले, “सरकार बदलायचंच न्हाई, तू कशाला काळजी करतूस?” मिशीवर ताव मारायची त्यांची सवय होती. दुसऱ्या वेळी हात मिशीपर्यंत गेला आणि परत मांडीवर आला. त्यांनाही आठवलं होतं.

निकालाचा दिवस उजाडला तसा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. केस कुणालाच कापायचे नव्हते. कोपऱ्यातल्या छोट्या टी.व्ही.समोर सगळे खुराड्यातल्या कोंबड्यांसारखे दाटले होते. सुभेदार मात्र खुर्चीत ताठ बसून होते. साताऱ्याची जागा जुन्यांकडेच राहणार असं दिसू लागलं, तेव्हा त्यांनी वीरधवलकडे बघून एक भुवई उडवली. पण दिल्लीचे आकडे वेगळंच सांगत होते, आणि ते तासातासाला फुगत होते. तेवढ्यात जोतिबाचा फोन वाजला. पूजा, त्याची सांगलीला दिलेली मुलगी.

“आबा, हितं लय गर्दी हाय रस्त्याला. गुलाल उधळायल्यात. सांगली पडली.”

फोनचा आवाज मोठा होता. सगळ्यांनी ऐकलं. सुभेदार उठले, टोपी नीट केली, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. कुणी हसलं नाही. वीरधवल त्यांच्यामागं स्टँडपर्यंत धावला.

“तात्या, थांबा की! मी पैज सोडली. चेष्टा हुती ती.”

“तू सोडलीस रं,” सुभेदार म्हणाले, “पन शब्द माझा हुता.” आणि एस.टी.त चढले.

तीन दिवस त्यांचा पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी निरोप आला, धोपटी घेऊन घरी ये. धोपटी म्हणजे जोतिबाच्या बापाची कातडी पिशवी. वस्तरा, कात्री, तुरटी, वाटी सगळं त्यात. घरोघर हिंडून हजामती करण्याचे दिवस गेल्यापासून ती खुंटीलाच होती. जोतिबानं ती झटकली, लुनाच्या हँडलला अडकवली आणि निघाला. घाटाच्या वाटेनं जाताना त्यानं मनाशी पक्कं ठरवलं होतं, की आज नाही म्हणायचं.

सुभेदार त्याला घरात न नेता मागच्या गोठ्यात घेऊन गेले. म्हशीच्या दावणीशेजारी खुर्ची मांडून ठेवली होती आणि बाजूला भरलेली बॅग होती.

“आईला कळू द्यायचं न्हाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “उरकून टाक. मी तसाच पोराकडं, जयराजकडं, पुण्याला जातू. दोन म्हैन्यांनी वाढली की माघारी येतू.”

“माझा हात चालायचा न्हाई, सुभेदार.”

“शब्द दिलाय मी. तू साक्षीला हुतास.”

“हुतो. चुकलंच माझं. पन म्हातारी आत बसलीया, आन मी हितं तिच्या ल्याकाची मिशी उतरवू? माझा बाप वर बसून मला शिव्या घालंल.” जोतिबाचा आवाज चढला. वीस वर्षांत सुभेदारांसमोर तो असा कधी बोलला नव्हता. “आन बाजारात लोकं काय इचारतील? कोन गेलं म्हनून इचारतील. काय सांगनार?”

सुभेदार खुर्चीत बसले. शब्द मोडावा तर पलटणीत शिकलेलं सगळं मोडतं, आणि पाळावा तर आईला जिवंतपणी मेल्यात जमा करायचं. म्हैस रवंथ करत दोघांकडे बघत होती.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. गोठ्याच्या दारात रंगूबाई उभी होती. लुनाचा आवाज तिनं ओळखला होता आणि चढलेला आवाजही.

“जोतिबा, काय झालं रं? कुनाची मिशी?”

सुभेदारांनी जोतिबाकडे डोळे वटारले. पण त्या म्हातारीसमोर खोटं बोलायला जोतिबाची जीभ उचलली नाही. त्यानं पैजेपासून सांगलीपर्यंत सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

रंगूबाई ऐकत राहिली. मग बोळक्या तोंडानं हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, तसं सुभेदारांनी उठून तिला खुर्चीत बसवलं.

“सरकार पडलं म्हनून मिशी!” ती म्हणाली. “लाला, आरं अठराव्या वरसी तू पलटनीत गेलास, तवा तुझ्या व्हटावर लव बी नव्हती. पयल्या रजेवर आलास त्यो ही झुडपं घिऊनच. तवापास्नं तुझं तोंड म्या बघितलंय कुठं?”

“आई, तसं करायचं नसतं.”

“कोन म्हनतंय? मी मेले की काढशीलच न्हवं? समद्या गावासमूर काढशील. समदी बघतील, मीच तेवढी नसंन. मग त्याचा मला काय उपेग?” तिनं काठी जमिनीवर आपटली. “जोतिबा, काढ. म्या हितं बसून बघते. मी हाय तवर माझं पोर कसं दिसतंय, ते मला बघू दे.”

बापाचा नियम जोतिबाला पाठ होता. पण ज्या जिवासाठी नियम केला, तोच जीव समोर बसून नियम सोड म्हणत होता. यावर बापानं काही सांगून ठेवलं नव्हतं. त्यानं धोपटी उघडली.

गोठ्यात नाही, पुढच्या अंगणात, उजेडात बसवलं त्यानं सुभेदारांना. आधी कात्रीनं मोठे केस घेतले, मग फेस लावला. वस्तरा टेकवला आणि हात नेहमीसारखा चालला. पांढरे झुबके टॉवेलवर पडत गेले. तुरटी फिरवून त्यानं तोंड पुसलं आणि बाजूला झाला. समोर एक अनोळखी माणूस बसला होता. वरचा ओठ कोवळा आणि गोरा, पंचेचाळीस वर्षांत उन्हाचं तोंड न बघितलेला. सुभेदार एकदम कुणाचातरी मुलगा दिसायला लागले.

रंगूबाईला नीट दिसत नव्हतं. ती पुढं वाकली आणि डाव्या हाताचं बोट मुलाच्या ओठावरून फिरवू लागली. मतदानाची शाई त्या नखावर अजून होती. बोट हळूहळू सरकत डावीकडे आलं, आणि केस न येणाऱ्या त्या तिळाएवढ्या जागेवर थांबलं.

“हाय की हितंच,” ती म्हणाली. “खोक. गुळाचा खडा चोरून पळत हुतास, तवा उंबऱ्यावर पडला हुतास. रगात थांबना. म्या हळद दाबून रातभर मांडीवर घिऊन बसले हुते. पाच वरसाचा हुतास तू.”

जोतिबानं सुभेदारांकडे बघितलं. एकाहत्तरच्या लढाईचा तो छर्रा! सुभेदारांनी खाली मान घातली होती. त्यांचं तोंड झाकायला आता मिशीही उरली नव्हती.

“ऱ्हाऊ दे असंच,” रंगूबाई म्हणाली. “मी हाय तवर वाढवू नगंस.”

बॅग पुन्हा घरात गेली. दुसऱ्या दिवशी सुभेदार उघड्या तोंडानं बाजारात उतरले. पहिल्याच माणसानं छातीवर हात ठेवून विचारलं, “आरारा! कोन गेलं वो?”

“सरकार गेलं,” सुभेदार म्हणाले, आणि पुढं चालू लागले.

हे उत्तर तालुकाभर झालं. तरी बातमी अर्धवटच पळते. चार दिवसांनी म्हसवडहून त्यांची मावसबहीण दगडाबाई गळा काढत वाडीत शिरली. “माझी मावशी गं!” म्हणून दारात बसकण मारणार, तोच आतून मावशीच बाहेर आली आणि म्हणाली, “दमली आसशील, च्या घे.” दगडाबाईनं पुढचे दोन दिवस मावशीचा हात सोडला नाही. वीरधवलनं आपली दाढी आपणहून काढून टाकली. जिंकूनही, कुणी न सांगता. कारण विचारलं की म्हणायचा, “गरम व्हतंय.”

पुढची दोन वर्षं सुभेदार एक दिवसाआड जोतिबाकडे यायचे. ओठ गुळगुळीत लागायचा. घरी गेल्यावर आई हात फिरवून तपासायची आणि खुंट लागले तर माघारी पाठवायची. पाटीखाली नव्या सरकारावर वाद रंगायचे. सुभेदार ऐकायचे, मध्ये तोंड घालायचेही, पण पैज म्हणून त्यांनी पुन्हा कधी लावली नाही. छर्ऱ्याची कथाही बंद झाली. कुणी विचारलंच तर सांगायचे, “गूळ चोरला हुता.”

तिसऱ्या वर्षी माघात रंगूबाई गेली. झोपेतच, काही त्रास नाही. दहाव्याला वेण्णेच्या काठावर जोतिबा धोपटी घेऊन हजर होता. सुभेदार त्याच्यापुढं दगडावर बसले. डोक्याचे केस उतरले. मग ओठ आला. दहा दिवसांची पांढरी खुरटी लव होती तिथं, मिशी नव्हतीच. जोतिबानं पाणी लावलं आणि वस्तरा एकदा हलकेच फिरवला. एवढंच काम होतं. तेवढ्यालाही त्याला फार वेळ लागला.

नंतर महिना-दीड महिना सुभेदार दुकानाकडे फिरकले नाहीत. आले ते बाजाराच्या दिवशी, गर्दीत. ओठावर पांढरी मिशी चांगली बोटभर उभी राहिली होती. बाकावरच्या एकानं आनंदानं हाक दिली, “वा सुभेदार! मिशी आली माघारी! आता कुनाचं सरकार आलं?” सगळे हसले. सुभेदारही हसले आणि खुर्चीत बसून डोळे मिटले.

मिशी काढलेल्या माणसाला आख्खा बाजार विचारतो. मिशी वाढवलेल्या माणसाला त्या दिवशी कुणी “कोन गेलं?” विचारलं नाही. जोतिबानं कंगवा घेतला आणि वीस वर्षांच्या सवयीनं डावीकडचे केस त्या तिळाएवढ्या जागेवर ओढू लागला.

सुभेदारांनी डोळे न उघडता त्याचा हात धरला.

“ती जागा झाकू नगंस,” ते म्हणाले. “आईनं बोट ठेवलं हुतं तिथं.”